बोलोन्याच्या शाळेत सराव पाठ

[दृश्य: सकाळ. जुन्या शहरातला कमानींचा रस्ता, पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं, शाळेचं फाटक.]

निवेदन:

उत्तर इटलीतलं बोलोन्या शहर. इथलं विद्यापीठ १०८८ पासूनचं मानलं जातं. रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या या छपरी कमानींना २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. जुन्या शहरात भर पावसातही त्यांच्याखालून बऱ्यापैकी कोरडं चालता येतं, आणि सकाळी सव्वाआठला त्या मुलांनी गजबजतात.

या मुलांबरोबर एक छात्राध्यापिकाही आत चालली आहे. स्वतःच्या देशात शिक्षणशास्त्र शिकता शिकता एका सत्राच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या सरावासाठी, ती इथं आली आहे. प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या इटालियन विद्यार्थ्यांना हे नवीन नाही. त्यांची पदवी पाच वर्षांची असते आणि त्यात शाळेतल्या अनुभवाचे तब्बल ६०० तास धरलेले असतात. त्यामुळे वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसलेली शिकाऊ बाई मुलांच्या ओळखीची असते. परदेशातून आलेल्यांचं पहिलं दडपण तिथंच उतरतं.

[दृश्य: वर्गाबाहेर टांगलेले कोट, नावांच्या पट्ट्या.]

निवेदन:

इथली प्राथमिक शाळा सहाव्या वर्षी सुरू होते आणि पाच वर्षं चालते. पुढे तीन वर्षांची माध्यमिक, मग पाच वर्षांची उच्च माध्यमिक. ही शाळा ‘तेंपो प्येनो’ म्हणजे पूर्णवेळ चालणारी आहे. आठवड्याला ४० तास, सोमवार ते शुक्रवार, साधारण साडेआठ ते साडेचार, मधलं जेवण शाळेतच. १९७१ च्या एका कायद्यानं ही सोय सुरू झाली. आई आणि वडील दोघंही कामावर जाणाऱ्या घरांना ती मोठा आधार ठरली.

एका वर्गाला मुख्यतः दोन शिक्षक असतात. प्रत्येकाचे आठवड्याला २२ तास शिकवण्याचे आणि वर २ तास एकत्र बसून नियोजन करण्याचे. या दोन तासांच्या बैठकीला बसण्याची परवानगी छात्राध्यापकानं पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी. पुढच्या पंधरवड्यात कोणता धडा कुठवर जाणार आणि कोणत्या मुलाच्या घरी सध्या काय चाललं आहे, हे तिथं कळतं. ज्यांनी ही बैठक चुकवली, त्यांचं पाठ टाचण, म्हणजे धड्याचा लेखी आराखडा, बहुतेक वेळा वर्गाच्या चालू घटकापासून तुटलेलं निघतं.

[दृश्य: चौकटीची वही, मुलाचा हात, निळं पेन.]

निवेदन:

पहिला आठवडा निरीक्षणाचा. निरीक्षण वहीपासून सुरू करावं, कारण इथली वही स्वतःच एक पद्धत आहे. रेघी वह्यांवर अक्षरं छापलेली असतात: पहिली-दुसरीला ‘ए’, तिसरीला ‘बी’, चौथी-पाचवीला ‘सी’. इयत्ता वाढते तशी रेघांची रचना बदलते. गणिताची वही चौकटीची. चौकट लहान मुलांना मोठी, मोठ्यांना लहान. मुलं आधी मोठी छापील अक्षरं शिकतात, मग अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची वळणदार लिपी. पाहुण्या शिक्षिकेनं फळ्यावर स्वतःच्या सवयीच्या अक्षरात लिहिलं, तर दुसरीतली निम्मी मुलं अक्षर ओळखण्यातच अडकतात आणि धडा तिथंच थांबतो. म्हणून ‘या वर्गात फळ्यावर कोणतं अक्षर वापरायचं?’ हा मार्गदर्शक शिक्षकांना विचारायचा पहिला प्रश्न.

आकड्यांचंही तसंच. इथं इंग्रजी १ ला वर चढती रेघ असते, म्हणून परक्या डोळ्याला तो इंग्रजी ७ वाटतो. खरा ७ ओळखायचा तो त्याच्या पोटातल्या आडव्या रेघेवरून. दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम. भागाकाराची मांडणी तर पूर्ण वेगळी: भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे, आणि भागाकार भाजकाच्या खाली. गणिताच्या तासाला मदत करणाऱ्यानं अशी पाच-सहा उदाहरणं घरी सोडवून यावं. आपल्या मांडणीनं समजावायला गेलं की मूल गोंधळतं, आणि घरी आजोबा तिसरीच रीत सांगतात.

वहीत आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. काम लवकर संपलेली मुलं चौकटींवर रंगीत नक्षीच्या पट्ट्या काढत बसतात. त्यांना ‘कोर्निचेत्ते’ म्हणतात. हा वेळकाढूपणा समजून थांबवू नये. हात स्थिर होतो, चौकटी मोजण्याची सवय लागते, आणि मागे राहिलेल्यांना लिहायला वेळ मिळतो.

[दृश्य: इंग्रजीचा तास. भिंतीवर चित्रतक्ते.]

निवेदन:

परदेशी छात्राध्यापकाच्या वाट्याला बहुधा इंग्रजी येतं. पहिलीला आठवड्याला १ तास, दुसरीला २, आणि तिसरी ते पाचवीला ३. पाचवीच्या अखेरीस देशभर होणाऱ्या चाचणीत इंग्रजीचं वाचन आणि श्रवण असतं, म्हणून त्या वर्षी शिक्षक ऐकण्याच्या सरावाला फार जपतात.

मुलांच्या उच्चारातल्या अडचणी ठरावीक आहेत आणि त्यांची कारणंही. इटालियन वर्णमालेत अक्षरं २१. जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय ही परकी मानलेली. ‘एच’ लिहितात, पण त्याचा उच्चार होत नाही, म्हणून ‘हाउस’चं ‘आउस’ होतं. ‘सीएच’ ही जोडी इटालियनमध्ये ‘क’ वाजते, म्हणून ‘चिकन’ वाचताना मूल सरळ ‘किकेन’ म्हणतं. बहुतेक शब्द स्वरानं संपत असल्यानं ‘बिग’च्या मागे एक पुसटसा ‘अ’ चिकटतो. यात मुलाचं दुर्लक्ष नाही. त्याच्या भाषेच्या नियमानं ते बरोबरच वाचतं. म्हणून चौथीच्या वर्गात आधी चित्र दाखवून शब्द ऐकवावा, तीन-चारदा म्हणून घ्यावा, आणि लिखित रूप सगळ्यात शेवटी फळ्यावर आणावं. क्रम उलटा केला की चुकीचा उच्चार वहीसह पक्का होतो.

एका तासाला आठ शब्द पुरतात. नव्या छात्राध्यापकाच्या टाचणात हमखास वीस असतात. सुरुवातीची पाच मिनिटं अभिवादन आणि तारीख, दहा मिनिटं शब्दांची ओळख, पंधरा मिनिटं जोडीनं खेळ, मग वही. वहीला टाचणात दहा मिनिटं लिहिलेली असतात, लागतात वीस: तारीख पूर्ण लिहायची, शीर्षक लाल रंगात, खाली रेघ, मग चिकटवणं. खाण्याच्या पदार्थांचा धडा असेल तर सुपरमार्केटची फुकट मिळणारी जाहिरातपत्रकं कापून वापरावीत. त्यावर मुलांच्या ओळखीच्याच वस्तू असतात, किमती असतात, आणि खरेदी-विक्रीचा संवाद आपोआप उभा राहतो.

[दृश्य: एका मुलाशेजारी बसलेली दुसरी शिक्षिका.]

निवेदन:

या वर्गात दिव्यांग मूलही आहे आणि त्याच्यासाठी नेमलेली सहायक शिक्षिकाही. १९७७ च्या कायद्यानं इटलीनं सर्वसाधारण शाळांमधले वेगळे वर्ग बंद केले आणि ही मुलं सगळ्यांबरोबर एका वर्गात आली. प्रत्येकासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असतो. सहायक शिक्षिका कायद्यानं संपूर्ण वर्गाची शिक्षिका असते, एका मुलाची नाही. आमच्या मते इटलीत येऊन पाहण्यासारखं काही असेल तर आधी हे. टाचण सहायक शिक्षिकांना दोन दिवस आधी दाखवावं. तोच धडा चित्रांनी, कमी शब्दांत किंवा हाताळायच्या वस्तूंनी कसा घ्यायचा, हे त्या जागच्या जागी दाखवून देतात.

[दृश्य: मधली सुट्टी, मग भोजनगृह.]

निवेदन:

सकाळच्या मध्यावर छोटी सुट्टी आणि खाऊ. दुपारी भोजनगृहात आधी पास्ता किंवा भात, मग दुसरा पदार्थ, बरोबर भाजी, शेवटी फळ. ॲलर्जी आणि धर्मानुसारचा आहार लेखी कळवलेला असतो. म्हणून वाढदिवसाला घरी केलेले लाडू किंवा चकल्या वाटण्याआधी विचारावं. बऱ्याच शाळा फक्त घटकांची यादी छापलेलं बंद पाकीटच आत घेतात.

तीन नियम मात्र पक्के. मुलांची देखरेख कायद्यानं शिक्षकाची असते. शिक्षिकेला पाच मिनिटं बाहेर जावं लागलं, तर छात्राध्यापकानं एकट्यानं वर्ग सांभाळायचा नाही, मजल्यावरच्या शाळा कर्मचाऱ्याला बोलवायचं. आणि साडेचारला फाटकावर मूल फक्त पालकाच्या किंवा लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या हाती जातं. मुलानं ‘माझी आत्या आली’ म्हटलं, तरी हात सोडायचा नाही. मुलांचे फोटो आपल्या फोनमध्ये काढायचे नाहीत; टाचणवहीला फळ्याचा आणि कामाचा फोटो पुरतो.

[दृश्य: टपाल कार्यालय, हातात लिफाफा.]

निवेदन:

कागदपत्रं. भारतीय पारपत्रधारकाला ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर डी प्रकारचा व्हिसा, आणि पोहोचल्यावर कामकाजाच्या ८ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. अर्जाचा लिफाफा टपाल कार्यालयात मिळतो. तो चिकटवून न्यायचा नाही, खिडकीवर तपासतात. अर्ज काळ्या शाईनं भरायचा. तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या परवान्याला शुल्क ४० युरो, कार्डाचे ३० युरो ४६ सेंट, टपालाचे ३० आणि मुद्रांक १६ युरोंचा. मिळालेली पावती जपून ठेवावी. पोलिस कार्यालयात बोटांचे ठसे देण्याची तारीख तिच्याबरोबरच मिळते.

कर-ओळख क्रमांक, ‘कोदिचे फिस्काले’, फुकट मिळतो आणि घरभाड्यापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे मागतात. तो १६ चिन्हांचा असतो आणि आडनाव, नाव, जन्मतारीख, लिंग आणि जन्मस्थान यांवरून बनतो. भारतात जन्मलेल्यांच्या क्रमांकात झेड २२२ दिसतं. पारपत्रावर आडनावाची जागा रिकामी असेल किंवा वडिलांचं नाव पहिल्या नावात मिसळलं असेल, तर क्रमांक वेगळाच तयार होतो. खिडकीवरून हलण्याआधी अक्षरं जुळवून पाहावीत.

[दृश्य: भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर.]

निवेदन:

घरांना साधारण ३ किलोवॅटची वीजजोडणी असते. ओव्हन, धुण्याचं यंत्र आणि पाण्याची किटली एकदम लावली की दिवे जातात, आणि मुख्य बटण कधी कधी खाली जिन्याजवळ असतं. तिथं जाण्याची किल्ली पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. वीज २३० व्होल्टची, म्हणजे आपला मिक्सर चालतो, पण इथल्या तीन छिद्रं एका ओळीत असलेल्या जागेत आपली पिन बसत नाही. इमारतीचं सामायिक तापयंत्र १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळातच चालतं, तेही दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली थंडी गोधडीवरच काढायची.

आटा, तूरडाळ, मोहरी रेल्वे स्थानकामागच्या बोलोनीना भागातल्या दक्षिण आशियाई दुकानांत मिळते. सुपरमार्केटात फळं घेताना प्लास्टिकचा हातमोजा घालायचा, स्वतः तोलून क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची. हे विसरलं की पैसे देण्याच्या रांगेतून परत जावं लागतं. मंडईत उलट: फळाला हात लावायचा नाही, आज खायचं की परवा, तेवढं विक्रेत्याला सांगायचं. तो तसं निवडून देतो.

शाकाहारी माणसानं इथं नीट पाहून खावं. बोलोन्याची शान असलेल्या छोट्या तोर्तेल्लीनीत, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्यात, डुकराचं मांस असतं आणि ज्या रश्शात त्या येतात तोही मांसाचाच असतो. त्यांच्या मोठ्या बहिणी, तोर्तेल्लोनी, रिकोत्ता चीज आणि पालेभाजीच्या सारणाच्या मिळतात. लोण्यात परतलेल्या मागाव्यात. पियादिना ही पोळी आपल्याला अगदी घरची वाटते, पण तिच्या पिठात पुष्कळदा डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाची आहे का, हे विचारल्यावर कुणालाही वावगं वाटत नाही. पार्मिजानो चीजला दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं, हेही माहीत असावं.

[दृश्य: संध्याकाळ. कॉफीचा बार, मग डोंगराकडे चढत जाणाऱ्या कमानी.]

निवेदन:

कॉफी उभ्यानं, काउंटरवर घ्यावी. टेबलाशी बसलं की दर वाढतो. आठवड्याभरात बारवाल्याला आपली कॉफी पाठ होते, आणि इटालियन बोलण्याचा सगळ्यात निवांत सराव तिथंच होतो. रविवारी सान लुकाच्या टेकडीवर जावं: जवळपास पावणेचार किलोमीटरची चाल, ६६६ कमानी, शेवटचा टप्पा चढाचा. वाटेत वर्गातली मुलं आईवडिलांबरोबर भेटतात आणि लांबूनच ‘माएस्त्रा!’, म्हणजे ‘बाई!’, म्हणून हाक मारतात.

एखादा शनिवार जवळच्या रेज्जो एमिलिया शहरासाठी ठेवावा. लोरिस मालागुत्सी यांच्या विचारांतून वाढलेल्या तिथल्या बालशाळांचं केंद्र पाहण्याजोगं आहे. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह मात्र रोमचं, ६ जानेवारी १९०७ ला सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडलेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हाच विचार शंख-शिंपले, बिया, काड्या अशा हाताशी असलेल्या साधनांवर बसवला. महाराष्ट्रातून आलेल्या छात्राध्यापकानं तो धागा इथल्या शिक्षकांना सांगावा. साधनांवरच्या गप्पा तिथून लांबवर जातात.

[दृश्य: जूनची सुरुवात. रिकामा होत चाललेला वर्ग, कार्यालयाची खिडकी.]

निवेदन:

शाळा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. आंतरवासितेच्या तासांच्या तक्त्यावर मार्गदर्शक शिक्षकांची सही आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयाचा शिक्का लागतो. कार्यालयाची खिडकी दिवसातून ठरावीक वेळच उघडी असते. शेवटच्या आठवड्यात प्रगतिपुस्तकं आणि बैठका यांत कुणालाच उसंत नसते, आणि जुलैनंतर शिक्षक भेटतच नाहीत. तक्ता मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरून द्यावा, दोन प्रती कराव्यात, आणि मूल्यमापन अहवाल विद्यापीठाला कोणत्या भाषेत हवा आहे, हे शिक्षकांना एप्रिलमध्येच कळवून ठेवावं.