गुलाबी रंग उडतो तेव्हा

मंडळी, गुऱ्हाळावर तुम्ही सगळेच गेला असाल. काहिलीत रस तापतो, गुळव्या भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतो, आणि चुना टाकतो. किती, असं विचारलं तर म्हणेल, "रस बघून." चुना उसाच्या रसाचा आंबटपणा मारतो. कमी पडला तर गूळ मऊ राहतो, जास्त झाला तर काळपट येतो आणि कोल्हापूरच्या गूळबाजारात भाव पडतो. आम्ल कुठं संपलं हे त्याला रसाच्या रंगावरून ओळखावं लागतं. आपलंही काम आज तेच आहे, फक्त हातात ब्यूरेट आहे, म्हणजे खुणा केलेली, खाली तोटी असलेली काचेची नळी.

समोरच्या बाटलीवर चिठ्ठी आहे: कॉस्टिक सोडा, 0.1 मोलर. कॉस्टिक म्हणजे तीव्र अल्कली, आम्लाला मारणारा; मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल, द्रावणाच्या कसाचं माप. चिठ्ठी मीच लावली आणि तिच्यावर माझाच विश्वास नाही. परवा 4 ग्रॅम कॉस्टिक तोलला आणि लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. पण ते पांढरे मणी काट्यावरच ओले व्हायला लागतात. हवेतली वाफ ओढतात, कार्बन डायऑक्साइड खातात. मग काटा 4 दाखवतो, त्यात कॉस्टिक किती ते कोण सांगणार? म्हणून त्याच्यासमोर साक्षीदार उभा करायचा: ऑक्झॅलिक आम्ल. याचे स्फटिक हवेत असे पाघळत नाहीत. 6.3 ग्रॅम घेऊन लिटरभर द्रावण केलं की ते 0.05 मोलर.

हे आम्ल पिपेटनं, म्हणजे ठरावीक माप ओढणाऱ्या काचेच्या नळीनं, 10 मिली शंकूपात्रात घेतलं. आमच्या वेळी पिपेट तोंडानं ओढायचे. तुम्ही रबरी फुगाच वापरा. दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. हा दर्शक, म्हणजे रंग बदलून खूण देणारा पदार्थ: आम्लात बिनरंगी, अल्कलीत गुलाबी. आत्ता रंग काही नाही. हळद-चुन्याचं कुंकू घरात केलेल्यांना हा खेळ नवा नाही, हळदही अल्कलीत लाल होते. पण इथं दर्शक नीट निवडावा लागतो. ऑक्झॅलिक आम्ल सौम्य, कॉस्टिक तीव्र. दोघं जुळतात ती जागा अल्कलीच्या बाजूला झुकलेली असते. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक त्याच्या खूप आधीच रंग बदलून मोकळं होतं.

आता कॉस्टिकनं भरलेल्या ब्यूरेटची तोटी सोडतो. थेंब पडतो तिथं गुलाबी डाग उमटतो आणि पात्र हलवलं की विरतो. सुरुवातीला लगेच, मग जरा रेंगाळून. रेंगाळायला लागला की हात आखडायचा, थेंब-थेंब, पुढे अर्धाच थेंब टोकावर धरून पात्राच्या कडेला लावायचा आणि पाण्यानं खाली धुवायचा. फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की थांबा. गडद गुलाबी दिसायला छान, पण तो पुढे गेलेला हात आहे.

पहिलं वाचन 11.3 मिली, ते घाईचं, सोडून द्या. पुढची दोन 10.8. ऑक्झॅलिकच्या एका रेणूला कॉस्टिकचे दोन लागतात, म्हणून 10 गुणिले 0.05 गुणिले 2, भागिले 10.8: आलं 0.0926 मोलर. कॉस्टिकचा एक मोल 40 ग्रॅमचा, म्हणून चाळीसनं गुणा, लिटरला 3.70 ग्रॅम. तोललेल्या चारातले 0.30 ग्रॅम बहुतेक पाणी आणि कार्बोनेट होतं!

बी.एस्सी.ला असताना माझी तीन वाचनं तीन तऱ्हेची आली होती. सर काही बोलले नाहीत, नुसतं ब्यूरेटच्या तोंडाकडं बोट दाखवलं. फनेल तसंच राहिलं होतं. मी खाली थेंब मोजत होतो आणि वरून त्यातले थेंब भर घालत होते. तेव्हापासून फनेल काढून झालं की मी ते टेबलावर पालथं ठेवतो, दिसेल असं. तोटीखालच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडाही असाच दगा देतो. ब्यूरेट आत भरायच्या द्रावणानंच विसळायचं, शंकूपात्र मात्र नुसत्या पाण्यानं. उलट केलं की हिशेब बिघडलाच.

ब्यूरेट आणि पिपेट ही नावं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसाकनं 1824 मध्ये रूढ केली. त्या काळी फ्रान्समध्ये साबण, काच आणि कापडाच्या धंद्यात पोटॅश-सोड्याचा कस बघावा लागायचा. माल पांढरा दिसतो, पण दाम कशाचा द्यायचा? हा प्रश्न आपल्या गूळबाजाराला परका नाही.

आता मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, रंग गेला." गेला खरा. बोलता बोलता पात्र उघडं राहिलं आणि या दालनातला, माझ्या आणि तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळला. आणखी थेंब घालू नका. वाचन 10.8 च.