दुसऱ्या आईची सही

नमस्कार श्रोतेहो.

मी प्राथमिक शाळेतली बाई. दादर-परळच्या मुलांना शिकवण्यात एकतीस वर्षं गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात फॉर्मचा गठ्ठा यायचा आणि तो चाळता चाळता चाळीस घरं डोळ्यांसमोरून जायची. कुठे वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहिलेलं, कुठे ते नाव खोडलेलं, कुठे आईच्या सहीच्या जागी आजीचा अंगठा. आज ज्या मुलाविषयी बोलणार आहे त्याचं नाव सांगणार नाही. त्याचा फॉर्म अगदी स्वच्छ होता. आईचं नाव, आईची सही, वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ. 'शाळेतून न्यायला कोण येईल' इथे एका बाईचं नाव, आणि नातं: मावशी.

ही मावशी रोज यायची. गृहपाठाची वही तीच तपासायची, त्याला शेंगदाणे चालत नाहीत हे तिनेच मला दोनदा बजावलं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी ती एकदा थांबली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला खोटं सांगितल्यासारखं वाटतं. मी मावशी नाही. आम्ही दोघी त्याच्या आया आहोत. कागदावर फक्त ती आहे."

कागदावर एकटीच का, ते सांगते. आपल्याकडच्या दत्तक नियमांनुसार एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. आणि जोडप्याला मूल हवं असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर विवाह लागतो. दोन बायकांचं लग्न कायद्याला मान्य नाही. म्हणून घर दोघींचं असलं तरी मूल एकीचंच.

2023 साली सुप्रीम कोर्टात पाच न्यायाधीशांसमोर हा प्रश्न आला. 17 ऑक्टोबरला निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. दत्तकाच्या नियमावर मात्र दोन विरुद्ध तीन. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं की लग्न झालेलं स्त्री-पुरुषांचं जोडपंच मुलाला स्थैर्य देऊ शकतं, असं दाखवणारं काहीही कोर्टासमोर आलेलं नाही. न्यायमूर्ती कौल त्यांच्या बाजूने होते. बहुमताने नियम कायम ठेवला. पण बहुमताचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती भट यांनीही अशी जोडपी पालक व्हायला लायक नाहीत असं म्हटलेलं नाही. त्यांची काळजी वेगळी होती. उद्या दोघं विभक्त झाली तर पोटगी, ताबा, वारसा यांचं काय? लग्नाचा कायदा पाठीशी नसताना मुलाला कोण वाली? ही काळजी मला खोटी वाटत नाही. पण ती मनापासून असेल, तर संरक्षण वाढवायला हवं. नियम जसाच्या तसा राहिल्याने त्या मुलाला काय मिळालं?

जुलै महिना होता. पोरगा तिसरीत. कागदावरची आई ऑफिसच्या कामासाठी नाशिकला गेलेली. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या, दुसऱ्या आईने टॅक्सीत घालून हॉस्पिटल गाठलं. अपेंडिक्स. काउंटरवर विचारलं, "नातं काय?" सवयीने तोंडातून निघालं, "मावशी." संमतीपत्र परत घेतलं गेलं. "आईला बोलवा, नाहीतर वडिलांना." नाशिकहून ती रात्री नऊला निघाली. कसारा घाटात पाऊस, गाड्यांची रांग. इकडे हिच्या मांडीवर डोकं ठेवून तो विचारत होता, "तू सही का करत नाहीस?" पहाटे तीनला आई पोचली, सही झाली, ऑपरेशन नीट झालं. मुलगा बरा आहे. मला हे सांगताना तिला त्या कळांपेक्षा त्याचा तो प्रश्न जास्त आठवत होता. आपल्याकडे 'माय मरो पण मावशी जगो' म्हणतात. त्या रात्री मावशी समोर उभी होती आणि तिच्या असण्याला किंमत नव्हती.

या वादात 'मुलांचे हक्क' हा शब्द बहुतेक वेळा अशा घरांच्या विरोधात वापरला जातो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा, भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. मुलाचं हित हा प्राधान्याचा विचार असावा, असं तो सांगतो. 2023 च्या सुनावणीत राष्ट्रीय बालहक्क आयोग विरोधात उभा राहिला आणि दिल्लीचा बालहक्क आयोग बाजूने. म्हणजे 'हित' हा शब्द उच्चारला की उत्तर आपोआप मिळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मुलाकडे बघावं लागतं.

संशोधनाचा दाखला दोन्हीकडून दिला जातो. अमेरिकेत 2012 साली समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांचा अभ्यास आला, अशा घरांतल्या मुलांचं नुकसान होतं म्हणणारा. पण त्यातली बरीचशी मुलं मोडलेल्या संसारातली होती, आणि तुलना केली ती न मोडलेल्या घरांशी. दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी लहानपणापासून वाढवलेली मुलं त्यात मोजकीच. उलट बाजूच्याही अनेक अभ्यासांत मुलांची संख्या लहान आहे, हे मान्य करायला हवं. तरी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सगळा पुरावा पाहून 2013 मध्ये अशा पालकांना पाठिंबा दिला. माझ्या एकतीस वर्षांत मुलं खचताना पाहिली ती दारूने, मारहाणीने, घरात कुणी बोलत नसल्याने.

एक आक्षेप मात्र मला पटतो. आपण कुणाच्या पोटी जन्मलो, हे जाणून घ्यायचा मुलाला हक्क आहे. बालहक्क करारात तो आहे, आणि आपल्या दत्तक नियमांतही अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आपलं मूळ शोधायची सोय आहे. पण जरा आपल्या नात्यागोत्यात बघा. नवरा-बायकोने दत्तक घेतलं की 'त्याला कळू देऊ नका' असं सांगणारे किती! दोन आयांच्या घरात ते लपतच नाही. या मुलाला चौथ्या वर्षीच माहीत होतं की तो कुठून आला.

"शाळेत चिडवतील त्याला." हे तर मी टाकून दिलेल्या बायकांच्या मुलांबद्दलही ऐकलं आहे. तेव्हा आम्ही चिडवणाऱ्यांना समज दिली, त्या आईला शिक्षा केली नाही. आणि हाक काय मारायची, याचा घोळ मुलांच्या डोक्यात नसतो. गिरगावच्या चाळीत माझ्या वडिलांची पिढी आईला 'वहिनी' म्हणायची, कारण धाकटे काका तसं म्हणायचे. आजीला 'आई' म्हणणारी मुलं माझ्या वर्गात दर वर्षी असायची. आपली आई कोण, हे त्यातल्या एकालाही विचारावं लागलं नाही.

कागद बदलत नाहीत असंही नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव वडिलांच्या आधी आणलं. मी नोकरीला लागले तेव्हा हे कुणी बोललं असतं तर लोक हसले असते. त्याच वर्षी केंद्राने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना एका रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरावं, बँकेत संयुक्त खातं काढायलाही हरकत नाही. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणून सरकारने त्यांना ओळखलं, आणि त्याच चुलीवर जेवणाऱ्या मुलाचे दुसरे पालक म्हणून अजून ओळखलेलं नाही. ती ओळख द्या, एवढंच मागणं आहे. जोडपं म्हणून दोघांची नावं लावता येऊ देत, म्हणजे दोघांकडून पोटगी, दोघांचा वारसा आणि दोघांची सही मुलाला मिळेल.

ऑपरेशननंतर त्या दोघींनी वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतलं. कागदावरच्या आईचं काही बरंवाईट झालं तर पालक कोण, ते त्यात लिहिलं आहे. सोबत हॉस्पिटलसाठी एक अधिकारपत्र, मराठीत आणि इंग्रजीत. दत्तकाच्या आदेशाची प्रत. हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून दाराजवळच्या खुंटीला टांगलं आहे, छत्र्यांच्या शेजारी. मी गेले होते तेव्हा त्यानेच मला ती दाखवली. म्हणाला, "बाई, बाहेरगावी जाताना ही मी घेतो. माझं काम आहे ते."

नमस्कार.