रिकॉल शून्य, चासीला भोक: सेकंड हँड टॅकोमाच्या पोटाखाली

[दृश्य: फेब्रुवारी, पेनसिल्व्हेनिया. पहाटेचा अंधार. मीठ टाकणारा ट्रक.]

बर्फ पडायच्या आधीच हा ट्रक गावातून फिरून जातो. मागच्या गोल तबकडीतून खडेमीठ चौफेर उडतं. खारं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही, म्हणून रस्ता काळा राहतो आणि सकाळी शाळेच्या बस वेळेवर निघतात. तेच पाणी चाकं उडवतात आणि ते गाडीच्या पोटाला जाऊन चिकटतं. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खिडकीचे गज खाऱ्या वाऱ्यानं कसे सोलून निघतात ते त्यांनी बघितलंय. इथून समुद्र गाडीनं कित्येक तासांवर आहे. मीठ मात्र दर हिवाळ्यात दाराशी.

[दृश्य: गॅरेज. चंदेरी पिकअप लिफ्टवर हळूहळू वर जाते.]

टोयोटा टॅकोमा, २००६ चं मॉडेल. वरून बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. रंगाला चमक आहे, दारं एका बोटानं लागतात, हौद्यात ओरखडे आहेत, पण ते कामाच्या गाडीला असायचेच. इंजिन बंद पडायचं नावच घेत नाही अशी या गाडीची ख्याती, त्यामुळे वीस वर्षं जुनी झाली तरी विकणारा भाव सोडत नाही.

आता खालून बघू.

[दृश्य: टॉर्चचा उजेड चासीवरून सरकतो. हातोडी. पाच सेकंद निवेदन नाही, फक्त आवाज.]

पुढच्या चाकापाशी टण्ण. केबिनखाली टण्ण. मागे, जिथे पाटे, म्हणजे लोखंडी पात्यांच्या जुडग्याचे स्प्रिंग, चासीला अडकवलेले असतात तिथे, ढब्ब. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. त्याच जागी दुसरा ठोका बसला आणि हातोडीचं टोक आत गेलं.

[दृश्य: जवळून. खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये पडणाऱ्या खपल्या.]

हे लोखंडच आहे. गंजलं की फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्यांच्या मधे पुन्हा खारं पाणी मुरतं. पिकअपची चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे बार. इंजिन, केबिन, हौदा, सगळं या शिडीवर बसवलेलं. पुढे या तुळया बंद पेटीसारख्या, तर मागे उघड्या पन्हळीसारख्या आहेत. पेटीत चिखल शिरतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि खारा चिखल आत महिनोन्‌महिने ओला राहतो. म्हणून गंज बराचसा आतून बाहेर येतो. बाहेर पहिला फुगवटा दिसला की आतला पत्रा केव्हाच पातळ झालेला असतो.

[दृश्य: गॅरेजमागचं अंगण. गवतात पडलेल्या जुन्या चास्या.]

ही गोष्ट या एका गाडीची नाही. २००८ च्या मार्चमध्ये टोयोटानं १९९५ ते २००० च्या टॅकोमांबद्दल जाहीर केलं की काही चास्यांना गंजरोधक संरक्षण पुरेसं मिळालेलं नसावं. अशा गाड्या होत्या आठ लाखांच्या वर. गंजाची हमी थेट १५ वर्षांची केली, किलोमीटरची अट नाही. ज्या गाडीची चासी हाताबाहेर गेलेली, ती कंपनीनं बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतली. होय, दीडपट. जुनी गाडी विकताना असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? पुढे २००१ ते २००४ च्या गाड्यांनाही हमी वाढवून दिली आणि तिथे चासी बदलून द्यायला सुरुवात झाली. चास्या पुरवल्या होत्या डाना नावाच्या कंपनीनं. तिनं पुढे टोयोटाला अडीच कोटी डॉलर देऊन हिशेब मिटवला.

तरी प्रकरण संपलं नाही. पुढच्या पिढीच्या गाड्याही गंजल्या, मालक कोर्टात गेले, आणि २०१६ च्या शेवटी तडजोड ठरली: २००५ ते २०१० च्या टॅकोमा, टोयोटाच्याच २००७-०८ च्या टुंड्रा पिकअप, २००५ ते २००८ च्या सिक्वोया एसयूव्ही, मिळून सुमारे पंधरा लाख गाड्या. तपासणी फुकट, आणि भोक ठरावीक मापाचं निघालं तर चासी नवी. एका चासीचा खर्च अंदाजे पंधरा हजार डॉलर धरला होता. एकूण आकडा ३४० कोटी डॉलरपर्यंत गेला. चूक मात्र कंपनीनं कबूल केली नाही.

[दृश्य: उघडी केबिन. टांगलेली नवीकोरी काळी चासी. मग मोबाइलचा पडदा.]

आता हा पडदा नीट बघा. गाडीचा सतरा अक्षरी ओळख-नंबर (व्हीआयएन) अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा खात्याच्या पानावर टाकला. उत्तर आलं: शिल्लक रिकॉल, शून्य. रिकॉल म्हणजे सुरक्षेतल्या दोषासाठी कंपनीनं गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं. गाडी विकणाराही हेच पान दाखवतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

या पानावर फक्त कायद्यानं रिकॉल म्हटलेली कामं येतात. आणि टॅकोमाची चासी बदलून देण्याला कधी रिकॉल म्हटलंच गेलं नाही. आधी ती ग्राहकांसाठीची सवलत होती, मग कोर्टातली तडजोड. लाखो गाड्यांच्या कण्याचा प्रश्न, आणि जिथे सेकंड हँड घेणारा बघतो तिथे त्याची एक ओळ नाही. आम्हाला हे पटत नाही, एवढं बोलून पुढे जातो.

[दृश्य: हौद्याखाली साखळीला टांगलेली स्टेपनी.]

रिकॉल झाला तो हिचा. स्टेपनी हौद्याखाली साखळीनं टांगलेली असते आणि ही पट्टी तिला पेलते. पट्टी गंजली की स्टेपनी चालत्या गाडीतून रस्त्यावर पडते, आणि मागून येणाऱ्यानं काय करायचं? २००१ ते २००४ च्या सुमारे दीड लाख टॅकोमा यासाठी २०१२ मध्ये बोलावल्या, पण थंडीच्या वीस राज्यांतल्या आणि राजधानी वॉशिंग्टनमधल्याच. गाडी काही एका राज्याशी लग्न लावून बसत नाही. इथे दहा हिवाळे काढलेली गाडी लिलावातून टेक्सासला जाते, तिथल्या उन्हात धुऊनपुसून उभी राहते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, इकडे कुठला आलाय गंज!

[दृश्य: पाट्यांचा जुडगा, जवळून. एका पात्याला चीर.]

पाट्यांचा रिकॉल २०१४ मधला. २००५ ते २०११ च्या सुमारे सहा लाख नव्वद हजार टॅकोमा. पातं तुटून बाजूला सरकतं आणि शेजारच्या पेट्रोलच्या टाकीला लागू शकतं. ही चीर आम्हाला कॅमेऱ्यात सापडली. एअरबॅगच्या स्टिअरिंगमधल्या जोडणीचा रिकॉलही मोठाच होता, पण ती जोडणी उघडल्याशिवाय दिसत नाही, तेव्हा इथे फक्त नोंद.

अमेरिकेत नवी गाडी रिकॉलचं काम बाकी ठेवून विकता येत नाही. भाड्यानं गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही २०१५ च्या कायद्यानं तेच बंधन आलं. सेकंड हँड डीलरला मात्र देशपातळीवर अशी मनाई नाही. रिकॉल जाहीर होताना पहिल्या विक्रीला १५ वर्षं उलटलेली असतील तर फुकट दुरुस्तीची कायदेशीर सक्ती नाही; तडजोडीतली चासी साधारण १२ वर्षं. लिफ्टवरच्या या गाडीला उद्या नवा रिकॉल निघाला तरी ती सक्ती लागू नाही, आणि चासीची मुदतही उलटून गेलीय.

[दृश्य: दुसऱ्या गाडीची चासी. काळीभोर, चकचकीत.]

ही बघा, किती छान. वीस वर्षांच्या गाडीची चासी दिवाळीला रंगवल्यासारखी. खपल्या न काढता वरून डांबरी काळा रंग मारला की आतली ओल आतच कोंडते. पेचकसाचं टोक लावा... रंग वाकला. रंगामागे लोखंड उरलेलं नाही.

अशी चासी भार पडला की मधूनच मोडते. ब्रेकच्या नळ्या तिच्यावरूनच गेलेल्या असतात.

[दृश्य: हातमोजे घातलेला मेकॅनिक चासीच्या भोकातून लांब नळी आत सरकवतो. तुपट फवारा.]

हे मेंढीच्या लोकरीतून निघणारं तेल. सुकत नाही, चिकट राहतं, भेगेत शिरतं. दर वर्षी हिवाळ्याआधी मारायचं, पण आधी पेटीतला चिखल पाण्याच्या जोरानं धुऊन काढायचा आणि दोन दिवस वाळू द्यायचं. वास गोठ्यासारखा येतो. आठवडाभर गाडीत बसणारे कुरकुरतात.

[दृश्य: मेजावर ठेवलेला कागद. बोट एका ओळीवर थांबतं.]

आणि हा कागद ज्याच्याकडे आहे त्याच्या गाडीला चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. चासी बदलल्याचं बिल. तारीख, तेव्हाचे किलोमीटर, गाडीचा नंबर. नंबरची सतराच्या सतरा अक्षरं गाडीवरच्या नंबराशी जुळवून घ्यायची.

[दृश्य: लिफ्ट खाली येते. चंदेरी गाडी बाहेर, लाल गाडी आत.]

हिचं मॉडेल २००८. विकणारा दारात कॉफी घेऊन उभा आहे. मोबाइलवर शिल्लक रिकॉल शून्य. हातोडी पुढच्या चाकापासून सुरू.

[आवाज: टण्ण. टण्ण. टण्ण.]