पेन खाली ठेवा

(बेळगावात डॉक्टरांच्या बैठकीत एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण, संपादित)

पत्रिकेवर माझ्या विषयापुढे ‘कायदेविषयक’ असं छापलंय, ती चूक आहे. कायदा वकिलांनी सांगावा. मी बोलणार आहे पेशंटच्या तक्रारीवरून ग्राहक आयोगाची नोटीस आल्यावरच्या पहिल्या रात्रीबद्दल.

माझी नोटीस रजिस्टर पोस्टानं आली, ऐन ओपीडीत. सिस्टरनं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यानंतरच्या तीन पेशंटना मी काय लिहून दिलं, ते मला आजही आठवत नाही. तक्रार चंदगडकडच्या एका बाईंची होती. गर्भाशय काढताना मूत्रवाहिनीला इजा झाली होती. पुस्तकात लिहिलेली गुंतागुंत आहे ही, पण पुस्तकात लिहिली म्हणून त्या बाईंचं दुसरं ऑपरेशन टळलं नाही. त्यांनी तक्रार करावी याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता येत नाही.

केस लागली कोल्हापूरला. ऑपरेशन बेळगावात झालं, तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. आपल्याकडे निम्मे पेशंट पलीकडून येतात, तेव्हा हे ध्यानात ठेवा. सीमा आपण सगळे मोर्चात मोजतो, मी ती तारखांत मोजली. संकेश्वर, निपाणी, कागल, आणि तिथं गेल्यावर कळायचं की वकीलसाहेबांनी पुढची तारीख घेतलीय.

तर ती रात्र. अकरा वाजले असतील. केसपेपर काढून बसले होते. ऑपरेशनच्या नोंदीत एका जागी वेळ लिहायची राहून गेली होती. वेळ मला पक्की माहीत होती, खोटं काही लिहायचं नव्हतं. पेनाचं टोपण काढलेलं होतं. तेवढ्यात आमच्याच इमारतीतले हाडांचे डॉक्टर दार ढकलून आत आले. सिस्टरनं सांगितलं असणार. कानडी माणूस, वयानं मोठे. आल्या आल्या म्हणाले, “ऊट आतेन्री?” जेवलात का? मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. “मॅडम, पेन खाली ठेवा.”

नंतर भरलेली एक खरी वेळसुद्धा सगळ्या फाइलला खोटं पाडते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरायच्या पलीकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः उभं राहून प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून घेतली. मूळ फाइल कपाटात कुलपात, किल्ली त्यांच्याकडे.

मी घडलेलं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. “ते वकिलाला.” मला जरा लागलं. कारण नंतर कळलं. वकिलाशी केलेलं बोलणं कायदा झाकून ठेवतो, मित्राशी केलेलं नाही. उद्या त्यांनाच साक्षीला बोलावलं तर काय करणार? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर “अशी अशी केस झाली, तुमचं मत?” असं टाकणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवावं.

मग बोलायचं काय? झोप. जेवण. घरात सांगितलं का? हात थरथरतो का? तिसऱ्या दिवशी माझं तसलंच ऑपरेशन होतं, तर हे टोपी-मास्क लावून थिएटरात येऊन उभे राहिले. हाडांचा डॉक्टर, गर्भाशयाच्या ऑपरेशनला काडीचा उपयोग नाही! पण मी टाका घातला.

या अवस्थेला बाहेर नावही आहे. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी 2000 साली ‘दुसरा बळी’ असा शब्द वापरला. पहिला बळी पेशंटच, हे त्या नावातच आहे. काही पेशंटच्या बाजूच्या लोकांना तो शब्द खटकतो आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. शब्द राहू दे. पण मार्च 2022 मध्ये राजस्थानात, दौसा जिल्ह्यात, बाळंतपणातल्या रक्तस्रावानं पेशंट दगावली आणि डॉक्टरीणबाईंवर थेट खुनाचा गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीव दिला. गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं निःपक्ष मत घ्यावं, असं सुप्रीम कोर्टानं 2005 मध्येच सांगितलेलं होतं. निकाल कागदावर होता. शेजारी कोण बसलं होतं, मला माहीत नाही.

आपली जात विचित्र आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथं भरलेलं असताना खाजगी दवाखान्यांच्या कायद्याविरुद्ध राज्यभरचे डॉक्टर बेळगावात उतरले होते. तुम्ही होता, मीही होते. कायद्याविरुद्ध आपण हजारोंनी येतो. एकाच्या दारात नोटीस आली, की त्याच्या गल्लीतून जायचं टाळतो. “काहीतरी केलं असेल की त्यानं.” डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे 1995 साली ठरलं. इतक्या वर्षांत आपल्याला शेजारी बसायला जमलं नाही.

आणि गप्प बसलेला माणूस पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून देतो. असे ड्रॉवर मी पाहिलेत. 30 दिवसांत म्हणणं द्यायचं, आयोगानं दिलीच तर आणखी 15 दिवसांची सवलत. पुढं दार बंद. म्हणून जेवणाच्या चौकशीनंतरचा दुसरा प्रश्न हाच विचारायचा: पाकिटावरची तारीख काय?

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका तरुण डॉक्टरकडे गेले. माझ्या मुलाच्या वयाचा. पोर दारातच म्हणाला, “मॅडम, माझं चुकलं का हो?” मी म्हटलं, “ते मला ठरवायचं नाही रे. तू झोपलास किती?” म्हणाला, दोन तास. दुसऱ्या दिवशीची त्याची ओपीडी मी घेतली. सत्तावीस पेशंट, त्यातले वीस सर्दी-खोकल्याचे. मला सर्दी-खोकल्याचं औषध लिहून किती वर्षं झाली होती! कंपाउंडरला विचारून विचारून लिहिलं.