माउथवॉशनं व्हायरस मरतो, पण फायदा कोणाचा?

नमस्कार मंडळी. विषय तुम्हीच दिला, सर्दी-खोकल्याच्या दिवसात माउथवॉशनं गुळण्या केल्या तर व्हायरस मरतो का. मरतो नं. पण कुठला मरतो, किती वेळ गायब राहतो आणि फायदा तुमचा होते की समोरच्याचा, खरी गोम तिथंच आहे.

कोरोना काय, फ्लू काय, यांच्यावर चरबीचं पातळ आवरण असते. काही माउथवॉशमध्ये सीपीसी म्हणजे सेटिलपायरिडिनियम क्लोराइड असते, ते हे आवरण फोडते. बीटाडीनमधलं पोव्हिडोन आयोडीन तर लॅबमध्ये 0.5 टक्के द्रावणातही 15 ते 30 सेकंदात कोरोनाला निकामी करते. आता क्लोरहेक्झिडिन, जे आम्ही डेंटिस्ट लोक हिरड्यांसाठी सर्रास लिहून देतो आणि मग दात पिवळे-तपकिरी झाले म्हणून शिव्या खातो, ते बॅक्टेरियावर भारी पण कोरोनावर ढिलंच. आणि साध्या सर्दीचा जो रायनोव्हायरस, त्याच्यावर ते चरबीचं आवरणच नाही, मग सीपीसी फोडणार काय?

बरं, लॅबमधली बशी म्हणजे तुमचं तोंड नाही. तोंडात लाळ सतत येत राहते, कोरोना तर लाळेच्या ग्रंथीतही वाढतो, वरून नाकातून घशात उतरत असतेच. त्यामुळं चूळ भरली की लाळेतला व्हायरस कमी होते, काही वेळानं परत येते. आणि खोकताना, नुसतं श्वास सोडतानासुद्धा जे बारीक कण फुप्फुसातून निघतात, तिथपर्यंत कोणाची गुळणी पोचली आहे बाप्पा?

2021 मध्ये आपल्या नागपूरच्या नीरीनं, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कोरोना टेस्टसाठी गुळणीच वापरली, आठवते? नाकात काडी घालायची गरज नाही, सलाइनचं पाणी 15 सेकंद घशात खळखळवायचं, ट्यूबमध्ये थुंकायचं आणि तेच आरटीपीसीआरला. घरी लोक व्हायरस घालवायला मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होते आणि नीरीवाले त्याच गुळणीतून व्हायरस पकडत होते!

जपानमध्ये गुळण्यांची सवय घराघरात आहे. तिथं 2005 साली 387 धडधाकट लोकांवरचा एक अभ्यास छापून आला. साध्या पाण्यानं गुळण्या करणाऱ्यांत सर्दी-पडसं 36 टक्क्यांनी कमी झालं, पोव्हिडोन आयोडीनवाल्यांत म्हणावा तसा फरकच नाही. तरीही ऑगस्ट 2020 मध्ये तिथल्या ओसाकाचे गव्हर्नर टीव्हीवर कोरोनासाठी आयोडीनच्या गुळण्यांबद्दल बोलले आणि दुकानातल्या बाटल्या साफ. अमेरिकेत लिस्टरिन माउथवॉशनं कित्येक वर्षं सर्दीला आळा बसते अशी जाहिरात केली, 1975 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीला सांगितलं, असं काही होत नाही हे आता जाहिरातीतच कबूल करा. म्हणून बाटलीवर काय छापलं आहे ते मी जरा शंकेनंच वाचतो.

मग उपयोग कुठं? माझ्या खुर्चीवर. ड्रिल फिरते, पाण्याचा फवारा उडते, तुमच्या लाळेचे तुषार माझ्या आणि असिस्टंटच्या तोंडावर. म्हणून आम्ही आधी तुम्हाला चूळ भरायला लावतो, अर्धा-एक मिनिट, म्हणजे तेवढं काम होईपर्यंत तरी लाळेत माल कमी. ती चूळ तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी असते. घरात कोणी आजारी असेल आणि त्याला भरवायला, औषध द्यायला जवळ जावं लागत असेल तर तेव्हाही हाच हिशोब, आजाऱ्यानं आधी चूळ भरावी. पण मास्क आणि उघडी खिडकी आधी, चूळ त्याच्यानंतर. आणि निरोगी माणसानं सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत जायच्या आधी गुळण्या करून काही कवच मिळत नाही, व्हायरस नाकातूनही शिरतो.

बीटाडीनच्या गुळण्या करायच्याच असतील तर तेवढंच पाणी घालून करा, गिळू नका, थायरॉइडवाल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. आणि खर्रावाले, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळणारे भाऊ, तुम्ही हसून राहिले मागं, तुमचं वेगळं. माउथवॉश तोंडात घेतला की गाल जळतात, तिखट चालत नाही, अशी तक्रार असेल तर ब्रँड बदलत बसू नका. दवाखान्यात या, खर्र्यानं तोंड आखडत जाते, म्हणून ते किती बोटं उघडते ते आधी पाहू.