मागे राहिलेल्यांची कादंबरी

मित्रहो, टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरी १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि २००७ पर्यंत त्या मालिकेची सोळा पुस्तके निघाली. भाषा सुमार, पात्रे ठोकळेबाज. तरीही प्रती कोट्यवधींनी खपल्या. जगाच्या शेवटच्या दिवसांविषयीचे कुतूहल हे त्याचे एक कारण आहेच, पण माझ्या मते ही कादंबरी नास्तिकाला घाबरवत नाही, तर दर रविवारी चर्चमध्ये येऊन बसणाऱ्या माणसाला अस्वस्थ करते, आणि तिचा खरा जोर तिथे आहे.

रेफोर्ड स्टील हा वैमानिक शिकागोहून लंडनला निघालेला असतो. अटलांटिकवर असताना विमानातले कित्येक प्रवासी एकाएकी नाहीसे होतात आणि आसनांवर त्यांचे कपडे व बूट तेवढे उरतात. जगभरातली लहान मुले, अगदी आईच्या पोटातली बाळेसुद्धा, गेलेली असतात. घरी परतल्यावर रेफोर्डला कळते की ज्या बायकोच्या भाविकपणाला तो कंटाळला होता ती आणि धाकटा मुलगा दोघेही गेले, म्हणजे खऱ्या विश्वासणाऱ्यांबरोबर स्वर्गात उचलले गेले. तो आणि मुलगी क्लोई मात्र मागे राहिले. मग त्याला भेटतो ब्रूस बार्न्स. हा त्याच्या बायकोच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, सहायक पाळक (धर्मगुरू). बायबल त्याला तोंडपाठ, पण विश्वास वरवरचा, म्हणून बायकोमुले गेली तरी तो इथेच. मुख्य पाळकाने मागे राहणाऱ्यांसाठी आधीच ध्वनिचित्रफीत करून ठेवलेली असते, आणि ती दाखवण्याचे काम याच माणसाच्या वाट्याला येते. संपूर्ण मालिकेत मला हेच पात्र सर्वांत खरे वाटते.

या कथानकाचा सांगाडा बायबलमध्ये जसाच्या तसा सापडत नाही. विश्वासणारे आधी उचलले जातील, मग सात वर्षांचे महासंकट येईल आणि त्यानंतर ख्रिस्त उघडपणे परत येईल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी रुजवली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमधील टिपांनी ती अमेरिकेत घरोघरी नेली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या ती मानत नाहीत. बायबलमधल्या, थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल मेघारूढ होण्याविषयी, म्हणजे ढगांत उचलले जाण्याविषयी, बोलतो खरा, पण येणाऱ्या राजाला नगरजन वेशीबाहेर सामोरे जातात आणि त्याच्यासह परत नगरात येतात, तसे ते चित्र आहे, असे अनेक अभ्यासक म्हणतात. शिवाय आप्तांच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्यांचे सांत्वन करण्यासाठी त्याने तो मजकूर लिहिला होता.

कादंबरीकाराला मात्र डार्बींची सात वर्षे फार सोयीची. उचलले जाणे आणि न्यायनिवाडा एकाच दिवशी झाला असता तर रेफोर्डला पश्चात्तापालाही सवड मिळाली नसती. इथे दुसरी संधी मिळते, पण ती स्वस्तात मिळत नाही: निकोलाय कार्पेथिया हा ख्रिस्तविरोधी, म्हणजे शेवटच्या काळातला ख्रिस्ताचा महाशत्रू, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसपदावरून जगाचा सत्ताधीश होतो, ब्रूस दुसऱ्याच पुस्तकात मरतो आणि क्लोईला गिलोटिनखाली जावे लागते. रेफोर्ड तेवढा ख्रिस्ताचे पुनरागमन पाहायला जिवंत उरतो.