जुना कॉम्प्युटर देण्याआधी

(सोलापुरातल्या छोट्या व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. समोर टॉवेल-चादरीचे कारखानदार दिसतायत, करसल्लागार आहेत, ई-सेवा केंद्र चालवणारेही आहेत. तुमच्या कॉम्प्युटरात काय काय असतं ते मी सांगायला नको. जेकार्डची डिझाइनं, जीएसटीचे पासवर्ड, विडी कामगारांच्या पीएफचे कागद, आणि आधार-पॅनच्या स्कॅनचा तर ढीगच. मशीन जुनं झालं की आपण ते एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे होतो. दुकानदाराने विचारलंच तर उत्तर ठरलेलं, ‘सगळं डिलीट केलंय की हो!’

डिलीट केल्यावर फक्त ड्राइव्हच्या यादीतली नोंद जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून रानातली ज्वारी कुणी उपटून नेत नाही, तसंच हे. हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी फाइल तिथेच असते आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येते. क्विक फॉरमॅटचंही तेच. अमेरिकेत एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातून 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. चालू निघालेल्या 129 पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त 12. आपल्याकडचं चित्र याहून चांगलं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आता दुसरं टोक. काहीजण अभिमानाने सांगतात, ‘आम्ही 35 वेळा पुसतो.’ हा आकडा संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या 1996 च्या लेखातला. तो त्या काळातल्या आणि त्याआधीच्या वेगवेगळ्या डिस्क धरून काढलेला होता. आजच्या डिस्कवर 35 फेऱ्या मारण्यात अर्थ नाही, असं पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं. आजच्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरते, म्हणजे संपूर्ण डिस्कवर एकदा वरून शून्यं लिहिणं. तरीही कुणाला वीजबिल वाढवायचंच असेल, तर खुशाल वाढवावं.

ती एक फेरी कशी मारायची? आधी बॅकअप घ्या आणि बॅकअपची डिस्क केबलसकट काढून बाजूला ठेवा. विंडोज ज्या ड्राइव्हवर चालू आहे तोच ड्राइव्ह तिला पुसता येत नाही, म्हणून इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. पहिला स्क्रीन आला की शिफ्ट आणि एफ-10 दाबा, काळी खिडकी उघडते. तिथे ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’. इथे घाई करू नका. यादीत पेनड्राइव्हही दिसतो, तेव्हा क्रमांकावर जाऊ नका, साइझ बघून डिस्क ओळखा आणि ‘सिलेक्ट डिस्क’पुढे तिचा क्रमांक टाइप करून ती निवडा. मग ‘क्लीन ऑल’. यातला ‘ऑल’ विसरलात तर नुसती पार्टिशनची माहिती जाते, डेटा जागेवरच राहतो. एक टीबीच्या डिस्कला तीनेक तास सहज लागतात. पाच मिनिटांत काम झालं, तर समजा काहीतरी चुकलंय.

हे झालं फिरत्या हार्ड डिस्कचं. तुमच्या नव्या मशीनमध्ये बहुतेक एसएसडी असते, म्हणजे चकत्यांऐवजी मेमरी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आणि तिचा स्वभाव निराळा. सगळे सेल सारखे झिजावेत म्हणून आतला कंट्रोलर डेटा इकडून तिकडे हलवत राहतो, शिवाय थोडी जागा स्वतःकडे राखून ठेवतो. तुम्ही वरून शून्यं लिहिलीत तरी त्या राखीव जागेपर्यंत ती पोहोचतीलच असं नाही. म्हणून एसएसडीला आतूनच हुकूम द्यावा लागतो, सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइज. तो काही मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, असतो, नाहीतर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. पण 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हा हुकूम तपासला, तेव्हा एका ड्राइव्हने ‘पुसलं’ असं कळवलं आणि डेटा मात्र जसाच्या तसा सापडला.

म्हणून माझं म्हणणं असं की पुसायची तयारी मशीन विकताना नाही, घेतल्या दिवशीच करा. पहिलं बिल फाडायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजमधली सोय, चालू करा. विंडोज होममध्ये त्याऐवजी अनेक मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं. मग ड्राइव्हवर जे उतरतं ते कुलपातच उतरतं आणि विकताना किल्ली नष्ट केली की मागे राहतो तो निरर्थक मजकूर. जुन्या मशीनवर बिटलॉकर लावताना ‘फक्त वापरलेली जागा’ की ‘संपूर्ण ड्राइव्ह’ असा प्रश्न येतो. तिथे संपूर्णच निवडा, कारण डिलीट केलेल्या फाइली त्या ‘न वापरलेल्या’ जागेतच असतात. आणि अडल्यावेळी कुलूप उघडणारी 48 अंकी रिकव्हरी किल्ली छापून घेतली असेल, तर तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. विकताना लोक बॅगही देतात!

एकांनी विचारलंय, डिस्क चालूच होत नसेल तर? मग फोडायची. हार्ड डिस्क असेल तर आतल्या चकत्यांना भोकं पाडा, वाकवा. लॅपटॉपमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, त्यांचा चुरा उडतो, तेव्हा आधी डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा. एसएसडीत प्रत्येक मेमरी चिप फुटली पाहिजे, नुसता बोर्ड मोडून भागत नाही. उरलेले तुकडे भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रात द्या आणि पावती घ्या.